सही खरी, सौदा खोटा : नाझींनी बळकावलेली चित्रं अजून परत का येत आहेत?

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सोदबीजच्या लिलावात गुस्ताव क्लिम्ट या ऑस्ट्रियन चित्रकाराचं एक चित्र २३ कोटी ६४ लाख डॉलरला विकलं गेलं. रुपयांत सांगायचं तर दोन हजार कोटींच्या वर. लिलावात याहून महाग गेलेलं चित्र आजवर एकच आहे, २०१७ साली लिओनार्दो दा विंचीचं म्हणून विकलं गेलेलं 'साल्वातोर मुंडी'. आपल्याकडच्या बहुतेक बातम्या या आकड्यापाशीच थांबल्या.

चित्रात एलिझाबेथ लेडरर नावाची तरुण मुलगी उभी आहे. अंगात पांढरा झिरझिरीत पोशाख आणि मागे चिनी राजवस्त्रासारखा नक्षीदार झगा. व्हिएन्नातल्या एका श्रीमंत ज्यू उद्योजकाची ही लेक. १९३८ साली नाझी ऑस्ट्रियात आले आणि लेडरर कुटुंबाचा चित्रसंग्रह त्यांनी ताब्यात घेतला. त्यानंतर एकाच घरातल्या चित्रांच्या तीन वाटा झाल्या. एलिझाबेथचं हे चित्र १९४८ साली तिच्या भावाला परत मिळालं. क्लिम्टची इतर काही चित्रं युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, मे १९४५ मध्ये, ज्या इमेनडॉर्फ किल्ल्यात सुरक्षित म्हणून ठेवली होती तिथेच जळून गेली. आणि 'बेथोव्हेन फ्रीझ' हे भिंतभर पसरलेलं काम शेवटी ऑस्ट्रिया सरकारकडे गेलं. त्यावरचा वाद २०१५ पर्यंत चालला.

अशा बातम्या दर काही महिन्यांनी येतात. अमुक संग्रहालयाने चित्र परत केलं, तमुक वारसांनी दावा लावला. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, चोर कोण हेही जगाला माहीत आहे, मग हे अजून का चाललं आहे? माझ्या मते त्याचं मुख्य कारण एकच आहे. ही चोरी कुलूप तोडून कमी झाली आणि कागदावर जास्त झाली. अर्ज, यादी, शिक्का, मुखत्यारपत्र, पावती, सगळं जागच्या जागी. कागदावर झालेली चोरी कागद उलगडतच परत फिरवावी लागते.

आधी चित्रकार

क्लिम्टचा जन्म १८६२ चा, वडील सोन्यावर नक्षी कोरणारे कारागीर. घरची गरिबी. पुढे त्याच्या चित्रांत जो सोन्याचा वर्ख आला, त्याच्या मागे हे घरही आहे आणि इटलीतल्या राव्हेना गावचं मोझेइकही, जे पाहायला तो १९०३ साली गेला होता. १८९७ मध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी जुन्या कलासंस्थेतून बाहेर पडून 'सेसेशन' हा नवा गट काढला. व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहाच्या छतासाठी त्याने तत्त्वज्ञान, वैद्यक आणि न्याय या विषयांवर तीन मोठी चित्रं केली. त्यात ज्ञानाचा विजय दिसेना, दिसत होती ती उघडी, असहाय माणसं. प्राध्यापक खवळले. १९०५ साली क्लिम्टने सरकारी कामातून अंग काढून घेतलं आणि घेतलेले पैसे परत केले. ते परत करायला मदत कुणी केली? एलिझाबेथच्या वडिलांनी, ऑगुस्ट लेडरर यांनी.

पुढची सगळी गोष्ट इथून सुरू होते, म्हणून हा प्रसंग महत्त्वाचा. सरकारने पाठ फिरवल्यावर क्लिम्ट जगला तो शहरातल्या सधन, बऱ्याचशा ज्यू, कुटुंबांच्या आश्रयावर. त्या घरांतल्या स्त्रियांची चित्रं त्याने काढली. एलिझाबेथचं चित्र काढायला घेतलं तेव्हा, म्हणजे १९१४ मध्ये, लेडरर कुटुंबाशी त्याचा दीर्घ घरोबा होता.

दुसरा एगॉन शीले. क्लिम्टपेक्षा २८ वर्षांनी लहान. १९०६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला व्हिएन्नाच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी त्याच अकादमीच्या प्रवेश परीक्षेत अ‍ॅडॉल्फ हिटलर नापास झाला आणि १९०८ मध्ये तर त्याला परीक्षेला बसूही दिलं नाही. शीलेची रेघ तुटक, काटेरी. हाडं दिसणारी शरीरं, पिळलेले हात, बघणाऱ्याकडे रोखलेली नजर. क्लिम्टने त्याला हात दिला, गिऱ्हाइकं मिळवून दिली, लेडरर कुटुंबाशीही ओळख करून दिली. शीलेने एलिझाबेथच्या भावाचं, एरिकचं, चित्र १९१२ साली काढलं. १९४८ मध्ये बहिणीचं चित्र ज्याला परत मिळालं तो हाच एरिक.

त्याच १९१२ साली नॉयलेंगबाख या छोट्या गावात शीलेला अटक झाली. लहान मुलांच्या नजरेला पडतील अशी नग्न चित्रं घरात ठेवली, हा ठपका. २४ दिवस तो कोठडीत होता आणि न्यायाधीशाने त्याचं एक चित्र जाळलं. त्या दिवसांत त्याच्या पाठीशी उभी राहिली ती वॉली नोयझिल, त्याची मॉडेल आणि सोबतीण. लाल केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या वॉलीचं त्याने केलेलं छोटं चित्र पुढे दोन देशांना बारा वर्षं कोर्टात उभं करणार होतं. शीलेने लग्न मात्र १९१५ मध्ये एडिथशी केलं. वॉली परिचारिका झाली आणि १९१७ मध्ये तापाने गेली.

१९१८ च्या फेब्रुवारीत क्लिम्ट गेला. शीलेने शवागारात जाऊन त्याचा चेहरा कागदावर उतरवला. ऑक्टोबरअखेर इन्फ्लुएंझाच्या साथीत सहा महिन्यांची गरोदर एडिथ गेली आणि तीन दिवसांनी शीले. वय २८.

म्हणजे नाझी आले तेव्हा दोन्ही चित्रकार जाऊन वीस वर्षं झाली होती. लुटले गेले ते त्यांची चित्रं प्रेमाने घेणारे, भिंतीवर लावणारे लोक.

कागदावरची चोरी म्हणजे काय

मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि देश जर्मनीला जोडला गेला. एप्रिलमध्ये फर्मान निघालं, की ज्या ज्यू माणसाची मालमत्ता पाच हजार राइखमार्कच्या (तेव्हाचं जर्मन चलन) वर असेल त्याने तिची पूर्ण यादी सरकारला द्यायची. घर, दागिने, शेअर, चित्रं, सगळं. ही यादी करायला लावणं हीच लुटीची पहिली पायरी होती. मग देश सोडायचा तर 'पलायन कर' भरा, चित्रं न्यायची तर परवाना घ्या. कर भरायला रोकड नाही, म्हणून चित्रं विका. विकत घेणारा भाव पाडून मागणार, कारण विकणाऱ्याला गाडी गाठायची आहे हे त्याला ठाऊक.

फ्रिट्झ ग्रूनबाउम हा व्हिएन्नाचा लाडका विनोदी कलावंत. रंगमंचावरून नाझींची खिल्ली उडवणारा. त्याच्याकडे साडेचारशेच्या आसपास कलाकृती होत्या आणि त्यांत शीलेची ऐंशीएक. त्याला डाखाउच्या छळछावणीत टाकलं आणि तिथे त्याच्याकडून पत्नीच्या नावे मुखत्यारपत्रावर सही घेतली. त्या मुखत्यारपत्राच्या आधारे पत्नीला संग्रहाची यादी सरकारच्या हवाली करावी लागली. जानेवारी १९४१ मध्ये ग्रूनबाउम छावणीत मरण पावला. पत्नी एलिझाबेथला १९४२ मध्ये मिन्स्कजवळ नेऊन मारलं. कागदपत्रं बघणाऱ्याला आज काय दिसतं? पतीने पत्नीला अधिकार दिला, पत्नीने व्यवहार केला. सही खरी आहे. पण सही कुठे बसून केली हे त्या कागदावर ठळकपणे दिसत नाही.

लेआ बोंडी या ज्यू कलाविक्रेतीची गोष्ट आणखी साधी. तिची गॅलरी फ्रीड्रिख वेल्ट्स या नाझी व्यापाऱ्याने घेतली. ती लंडनला निघण्याच्या सुमारास तो तिच्या राहत्या घरी आला, भिंतीवरचं वॉलीचं चित्र बघितलं आणि तेही हवं म्हणाला. हे माझं खासगी आहे, गॅलरीचं नाही, असं तिने सांगितलं. नवऱ्याने तिला समजावलं, की देऊन टाक, हा माणूस आपलं जाणं अडवू शकतो. तिने दिलं.

त्याच सुमारास व्हिएन्ना सोडणाऱ्यांपैकी काही जण आपल्या मुंबईत आले. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, ज्यांची पत्नी केटे ज्यू होती, टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले. इमॅन्युएल श्लेसिंजर हे व्हिएन्नाचेच, त्यांनी इथे औषधांचा व्यवसाय केला आणि चित्रं जमवली. जर्मनीतून आधीच आलेले रुडी फॉन लेडन कलासमीक्षा लिहीत. रझा, आरा, हुसेन यांना लँगहॅमरच्या घरी युरोपातल्या आधुनिक चित्रांच्या प्रती पाहायला मिळाल्या आणि या तरुण चित्रकारांच्या १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटाला लँगहॅमर, श्लेसिंजर आणि लेडन या तिघांचा मोठा आधार झाला. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास सांगताना व्हिएन्नाचं १९३८ साल वगळता येत नाही, आणि आपण ते बहुधा वगळतो याची मला खंत वाटते.

'अधःपतित कला' म्हणजे हीच लूट का?

नाही, आणि इथे बातम्यांत नेहमी गोंधळ होतो.

जुलै १९३७ मध्ये म्युनिकला नाझींनी एक प्रदर्शन भरवलं, 'अधःपतित कला'. आधुनिक चित्रं दाटीवाटीने टांगून, भिंतींवर टिंगल करणारी वाक्यं लिहून लोकांना दाखवली. साडेसहाशेच्या आसपास कलाकृती होत्या आणि बघायला वीस लाखांवर माणसं आली. जर्मन संग्रहालयांतून तेव्हा एकूण वीस हजारांच्या घरात कलाकृती काढून घेतल्या गेल्या. काही परदेशात विकल्या, जून १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुसर्न शहरात तर १२५ कलाकृतींचा जाहीर लिलाव मांडला. काहींचा पत्ताच नाही. फ्रान्झ मार्कचं 'निळ्या घोड्यांचा मनोरा' त्यांतलंच.

एर्न्स्ट लुडविग किर्शनर या चित्रकाराची सहाशेहून जास्त कामं अशी उचलली गेली. पहिल्या महायुद्धात मन खचलेला हा माणूस स्वित्झर्लंडला दावोसच्या डोंगरात राहत होता. १५ जून १९३८ रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. एमिल नोल्डेची तर सर्वांत जास्त, हजारावर चित्रं जप्त झाली आणि तो स्वतः नाझी पक्षाचा सदस्य होता. नाझी विचार मानणाऱ्यालाही त्याची रेघ आणि रंग वाचवू शकले नाहीत.

आता फरक बघा. ही चित्रं मुख्यतः सरकारी संग्रहालयांची होती. राज्यसत्तेने स्वतःच्याच मालमत्तेची वासलात लावली, मे १९३८ मध्ये तसा कायदाही केला आणि तो कायदा युद्धानंतर मागे जाऊन रद्द केला गेला नाही. म्हणून लुसर्नला विकलेलं एखादं चित्र आज अमेरिकेतल्या संग्रहालयात असेल तर जर्मन संग्रहालय ते सहसा मागू शकत नाही. बोंडी, ग्रूनबाउम, लेडरर यांचं तसं नव्हतं. त्यांचं खासगी, घरातलं होतं आणि ज्यू म्हणून हिसकावलेलं होतं. वारसांचे दावे उभे राहतात ते या दुसऱ्या प्रकारात.

चित्राचा सातबारा

एखादं चित्र चित्रकाराच्या हातून निघाल्यापासून आजपर्यंत कुणाकुणाकडे होतं, कसं गेलं, या नोंदीला कलाव्यवहारात 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. आपण मालकीची साखळी म्हणू. जमीन घेताना जाणता माणूस आजचा सातबारा बघून थांबत नाही. जुने फेरफार काढतो. कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, खरेदीने की वारसाने की बक्षिसाने, हे तपासतो. मधला एखादा फेरफार सापडत नसेल, किंवा एखाद्या विधवेचा अंगठा कुणी घेतला याबद्दल गावात कुजबुज असेल, तर तो व्यवहाराला हात लावत नाही. चित्राचंही तसंच असतं. १९३३ ते १९४५ या वर्षांची नोंद कोरी असेल तर तिथे बोट ठेवायचं.

हे फेरफार सापडतात कुठे? बरेचदा चित्राच्या पाठीवर. जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी, व्यापाऱ्याचा साठा क्रमांक, जकातीचा शिक्का. पॅरिसमध्ये लूट गोळा करणाऱ्या नाझी खात्याने प्रत्येक वस्तूला कुटुंबाच्या नावाची अक्षरं आणि क्रमांक दिला होता. लुटारूंनी स्वतःच नीट लिहून ठेवलेल्या या खुणा आज वारसांच्या कामी येतात. १९३८ च्या त्या मालमत्ता याद्याही अशाच उपयोगी पडतात.

युद्ध संपल्यावर लगेच का परत केली नाहीत?

काही केली. ऑस्ट्रियाने १९४६ मध्ये कायदा करून नाझी काळातले असे व्यवहार रद्दबातल ठरवले. कागदावर उत्तम. पण आपण स्वतःच हिटलरचे पहिले बळी आहोत ही भूमिका ऑस्ट्रियाने घेतली होती, त्यामुळे लुटीची जबाबदारी अंगाला लावून घ्यायची तयारी नव्हती. शिवाय महत्त्वाची कलाकृती देशाबाहेर न्यायला बंदी होती. वारस तर लंडनला, न्यूयॉर्कला, लॉस एंजेलिसला. मग त्यांना सांगितलं जाई, की काही चित्रं आमच्या संग्रहालयाला 'देणगी' द्या, बाकीच्यांचा परवाना देतो.

अडेले ब्लॉख-बाउअर या व्हिएन्नातल्या सधन ज्यू घरातल्या स्त्रीचं सोनेरी चित्र असंच अडकलं. क्लिम्टने ते १९०७ साली पुरं केलं. अडेले १९२५ मध्ये वारली. मृत्युपत्रात तिने लिहिलं होतं, की पतीच्या पश्चात क्लिम्टची चित्रं ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्यावीत अशी विनंती आहे. पती फर्डिनांड साखर उद्योजक. १९३८ मध्ये त्यांना पळावं लागलं, त्यांच्यावर करबुडवेपणाचा खोटा आरोप ठेवून मालमत्ता जप्त केली गेली आणि ती निकालात काढायला नाझींनी वकील नेमला. १९४१ साली त्या वकिलाने हे चित्र संग्रहालयाला देऊन टाकलं. सोबतच्या पत्राखाली 'हाइल हिटलर'. फर्डिनांड १९४५ मध्ये झुरिचला वारले, जाताना सगळं पुतणी-पुतण्यांच्या नावे करून. १९४८ मध्ये कुटुंबाच्या वकिलाने इतर वस्तूंच्या परवान्याच्या बदल्यात क्लिम्टच्या चित्रांवरचा संग्रहालयाचा हक्क मान्य केला.

पुढे पन्नास वर्षं संग्रहालय सांगत राहिलं, की अडेलेने ते आम्हाला दिलं. कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

१९९८ साली काय बदललं

वॉलीमुळे बदललं. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने वेल्ट्सकडची चित्रं जप्त करून ऑस्ट्रियाच्या हवाली केली. तिथे वॉलीचं चित्र चुकून हाइनरिख रीगर यांच्या संग्रहात मिसळलं. हे रीगर दातांचे डॉक्टर, शीलेच्या उपचाराचे पैसे चित्रांत घेणारे. १९४२ मध्ये तेरेझिनच्या छावणीत त्यांचा अंत झाला. त्या मिसळलेल्या गठ्ठ्यातून चित्र व्हिएन्नाच्या बेल्व्हेडिअर या सरकारी संग्रहालयात गेलं. १९५३ मध्ये लेआ बोंडीने रुडॉल्फ लिओपोल्ड या संग्राहकाकडे ते परत मिळवायला मदत मागितली. पुढच्या वर्षी त्यांनी संग्रहालयाशी अदलाबदल करून ते स्वतःसाठी घेतलं. बोंडी १९६९ मध्ये वारली, चित्राविना.

१९९७ च्या अखेरीला तेच चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शनासाठी आलं आणि जानेवारी १९९८ मध्ये मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलाने ते अडवलं. युरोपभर हादरा बसला. त्याच वर्षी ऑस्ट्रियाने सरकारी संग्रहांसाठी परताव्याचा कायदा केला आणि जुनी दफ्तरं संशोधकांना खुली केली. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनला ४४ देशांनी ११ तत्त्वं मान्य केली. लुटलेली चित्रं शोधा, जाहीर करा, वारसांशी 'न्याय्य आणि योग्य' तोडगा काढा. ही तत्त्वं आहेत, कायदा नाही. पाळली नाहीत म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. हे दुबळेपण आजच्या बऱ्याच रखडपट्टीच्या मुळाशी आहे.

वॉलीचा खटला २०१० मध्ये तडजोडीने मिटला. लिओपोल्ड संग्रहालयाने बोंडीच्या वारसांना एक कोटी ९० लाख डॉलर दिले आणि चित्र ठेवून घेतलं, शेजारी खरा इतिहास लिहिण्याच्या अटीवर.

खुल्या झालेल्या दफ्तरांतून हुबर्टुस चेर्निन या पत्रकाराने अडेलेच्या चित्राची खरी कागदपत्रं बाहेर काढली. अडेलेची भाची मारिया आल्टमन तेव्हा ऐंशी ओलांडलेली, लॉस एंजेलिसला राहणारी. ऑस्ट्रियात दावा लावायचा तर दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी, म्हणजे प्रचंड. म्हणून तिने अमेरिकेत दावा लावला. परक्या देशाच्या सरकारवर असा दावा चालतो का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल तिच्या बाजूने लागला. मग ऑस्ट्रियातच लवाद बसला. जानेवारी २००६ मध्ये लवादाने सांगितलं, की अडेलेची ती फक्त विनंती होती, चित्रांची मालकी फर्डिनांडची होती, सबब चित्रं वारसांची. पाच चित्रं परत आली. ऑस्ट्रियाच्याच लवादाने ऑस्ट्रियाविरुद्ध दिलेला हा निकाल मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत आश्वासक प्रसंग वाटतो.

"पण इतक्या वर्षांनी? मुदत संपली नाही का?"

हा आक्षेप पोकळ नाही. दाव्यांना मुदत असते, ती असायलाही हवी. पण ज्याला आपली वस्तू कुठे आहे हेच कळू दिलं नाही, त्याची मुदत कधीपासून मोजायची? अमेरिकेने २०१६ मध्ये खास कायदा करून ठरवलं, की वारसाला वस्तूचा ठावठिकाणा आणि आपला हक्क प्रत्यक्ष कळेल तिथून सहा वर्षं.

तरीही निकाल एकसारखे लागत नाहीत. ग्रूनबाउमच्या संग्रहाचंच बघा. २०११ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने एका शीले चित्राबाबत वारसांनी फार उशीर केला असं म्हणून दावा फेटाळला. २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयाने त्याच संग्रहातल्या दुसऱ्या दोन चित्रांबाबत वारसांच्या बाजूने निकाल दिला. २०२३ मध्ये अनेक संग्रहालयांनी आणि संग्राहकांनी शीलेची सात कामं सोडून दिली. शिकागोच्या संग्रहालयाने मात्र 'रशियन युद्धकैदी' हे चित्र सोडायला नकार दिला. ग्रूनबाउमच्या मेहुणीने ते १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये रीतसर विकलं, असं त्यांचं म्हणणं. एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी चित्र परत करण्याचा आदेश दिला. एकच संग्रह, एकच छावणी, एकच मुखत्यारपत्र, आणि कोर्ट बदललं की उत्तर बदलतं.

"ज्याने पैसे मोजून घेतलं त्याचा काय दोष?"

दोष नसेलही. इथे देशादेशांचे कायदे वेगळे आहेत. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मूळ नियम असा, की चोराकडे मालकीच नव्हती, तर तो पुढे देणार काय? भारतातही मालविक्रीचा १९३० चा कायदा याच विचारावर उभा आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांत मात्र चांगल्या हेतूने, चौकशी करून घेणाऱ्याला काही काळाने संरक्षण मिळतं. म्हणून लुटलेली चित्रं अशा देशांतून फिरवली की मालकी धुऊन निघते. तडजोडीत पैसे देऊन चित्र ठेवणं किंवा विकून रक्कम वाटून घेणं, हे मार्ग याच पेचातून निघाले.

"परत दिलं की श्रीमंतांच्या तिजोरीत जातं, मग लोकांचं नुकसानच ना?"

कधी कधी होतं. अडेलेचं सोनेरी चित्र रोनाल्ड लॉडर यांनी २००६ मध्ये साडेतेरा कोटी डॉलरला घेतल्याचं सांगितलं जातं. ते न्यूयॉर्कच्या नॉय गॅलरीत आहे, तिकीट काढून कुणालाही बघता येतं. त्याच वेळी परत आलेली बाकीची चार लिलावात गेली. हे नुकसान खरं आहे. पण लोकांना बघायला मिळावं म्हणून लेआ बोंडीच्या भिंतीवरचं चित्र तिच्या वारसांना नाकारायचं, हे मला पटत नाही. सरकारला ते हवंच असेल तर त्याने बाजारभावाने विकत घ्यावं.

आणि सगळंच परत होतं असंही नाही. एरिक लेडररने 'बेथोव्हेन फ्रीझ' १९७० च्या दशकात ऑस्ट्रिया सरकारला विकलं होतं. निर्यातबंदी वापरून आपल्याला कमी भावात विकायला भाग पाडलं, असा वारसांचा दावा होता. २०१५ मध्ये ऑस्ट्रियाच्या सल्लागार मंडळाने तो नाकारला. ते काम व्हिएन्नातच आहे.

हे नियम आपल्या वस्तूंना लागू होतात का?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. नाही, वॉशिंग्टन तत्त्वं फक्त नाझी काळापुरती आहेत. ब्रिटनचं उदाहरण बोलकं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला १९८३ च्या कायद्यानुसार आपल्या वस्तू सहसा कुणाला देऊन टाकता येत नाहीत. नाझी लुटीसाठी ब्रिटिश संसदेने २००९ मध्ये खास कायदा करून याला अपवाद केला. वसाहतींतून गेलेल्या वस्तूंसाठी तसा अपवाद नाही. त्यामुळे २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या कराराने, उसनवार. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडून ती इंग्लंडला गेली, ही साखळी ठाऊक आहे. त्याआधीची कडी मात्र पक्की नाही, आणि ती शिवाजी महाराजांचीच होती का याची खात्री संग्रहालय स्वतः देत नाही. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली तेव्हा महाराष्ट्र सरकारला ती सुमारे ४७ लाख रुपये मोजून विकत आणावी लागली.

लेडरर आणि आल्टमन यांच्या हाती काही लागलं, कारण यादी होती, तारीख होती, पत्राखालची सही होती. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या खजिन्यातून काय निघालं, कुणी नोंदलं, कुठल्या जहाजाने गेलं, हे कंपनीच्या दफ्तरांत शोधणारी मराठी माणसं आज मोजकी आहेत. विद्यापीठांनी आणि राज्याच्या पुराभिलेख विभागाने या शोधासाठी माणसं नेमावीत, त्यांना लंडनला पाठवावं. पुढची वस्तू लिलावात दिसेल तेव्हा आपल्याकडे पैशांच्या आधी कागद तयार असला पाहिजे.